शेरखानचा पंचनामा

मोगली आपल्याच सातपुड्यातला आहे, हे आम्हाला कळलं ते जपानमार्गे.

आमचं गाव चोपडा तालुक्यात. गच्चीवर गेलं की उत्तरेला सातपुडा आडवा पडलेला दिसतो, उन्हाळ्यात धुरकट आणि श्रावणात निळाशार. त्या डोंगरात काय आहे हे कुणी कुणाला विचारत नसे, कारण उत्तर ठरलेलं होतं: पावरा लोकांचे पाडे, साग, डिंक, मोह आणि वाघ. यातला वाघ तोवर बहुतेक गोष्टींपुरताच उरला होता, पण यादीतून त्याचं नाव कुणी कमी केलं नव्हतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीतून ‘जंगल बुक’ लागू लागलं. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने १९८९ साली काढलेली ५२ भागांची मालिका. जपानचा वगैरे आम्हाला पत्ताच नव्हता. चड्डी घातलेल्या फुलाचं गुलजारांचं गाणं, त्याला विशाल भारद्वाज यांची चाल, आणि ते ऐकू आलं की गल्लीतली पोरं तोंडात मंजन तसंच ठेवून नानांच्या ओसरीत हजर.

रंगीत टीव्ही एकट्या नानांकडे. एक पोरगं गच्चीवर अँटेनाला धरून उभं, खालून ओरडा: “आलं का?” “नही, मुंग्या!” त्या मुंग्यांतून हळूहळू लांडगे, अस्वल, बगिरा बाहेर यायचे. नानांची आई, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांचीच मोठी माय, सुपात तूर पाखडता पाखडता बघायची. लांडग्यांचं तिला काही वाटत नसे. तिची काळजी वेगळीच. “हाई पोरगं उघडंनागडं फिरी ऱ्हायनं, याले कोणी कपडा देत नही का?”

शेरखान आला की ओसरी गप्प. आवाज नाना पाटेकरांचा. (आमच्या नानांना या योगायोगाचा उगाचच अभिमान होता.) तो आवाज ऐकून वाघ असाच बोलत असणार, याबद्दल आम्हाला शंका उरली नव्हती. शंका आली ती आमच्या सालदाराला. तो पावरा, डोंगरातल्या पाड्यावरचा. आखाजीला त्याचं साल ठरायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत तो आमच्या वाड्यावर. आम्ही त्याला मामा म्हणायचो. घरात पावरी बोलणारा, आमच्याशी अहिराणी. बैलांना वैरण टाकून तो ओसरीच्या पायरीवर टेकला, एक भाग पाहिला आणि विचारलं, “वाघ इतला बोलस का रे?” आम्ही हसलो. तो हसला नाही. “वाघ वैर धरत नही,” एवढं म्हणून उठून गेला. पुन्हा काही तो ते बघायला बसला नाही.

गोष्ट लिहिणारा रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. वडील जे. जे. कला शाळेत शिक्षक. लहानपणीच त्याला विलायतेला धाडलं, तरुणपणी तो परत आला तो लाहोर आणि अलाहाबादच्या वर्तमानपत्रांत काम करायला. पण मोगली लिहिला तो अमेरिकेत, व्हरमाँट नावाच्या राज्यात, जिथे हिवाळ्यात दारापुढचं बर्फ फावड्याने ओढावं लागतं. १८९४ साली ‘द जंगल बुक’ आलं, १८९५ साली दुसरा भाग. गोष्ट घडते सिवनीच्या डोंगरात, वैनगंगेच्या काठी. सिवनीचं पठार म्हणजे सातपुड्याचाच पूर्वेकडचा पट्टा. आमची तापी जिथे उगम पावते ते मुलताईही याच रांगेत. किपलिंग स्वतः सिवनीला गेला नव्हता, असं त्याचे अभ्यासक सांगतात. त्या मुलखावर दुसऱ्या एका साहेबाने लिहिलेलं पुस्तक त्याच्या हाताशी होतं. म्हणजे न पाहिलेल्या डोंगराची गोष्ट बर्फात बसून लिहिली गेली, जपान्यांनी ती रंगवली, मुंबईत ती हिंदीत बोलली, आणि मग त्याच डोंगराच्या पायथ्याशी बसलेल्या आम्हाला नानांच्या ओसरीत भेटली. आपल्या डोंगराबद्दल आपल्याला कुणी सांगावं, याचे काही वेळा असेच मार्ग असतात.

या गोष्टीचा व्यापार मात्र किपलिंगच्या हयातीतच सुरू झाला होता. स्काउट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलने १९१६ साली धाकट्या स्काउटांसाठी पुस्तक काढलं आणि त्यासाठी किपलिंगच्या संमतीने लांडग्यांचा आख्खा कळप उचलला. कब म्हणजे लांडग्याची पिल्लं, त्यांचा म्होरक्या अकेला. आमच्या प्राथमिक शाळेत कबचं पथक होतं. निळ्या टोप्या घालून आम्ही १५ ऑगस्टला संचलन करायचो आणि आपण लांडग्यांची पोरं आहोत याचा गुरुजींनाही पत्ता नव्हता.

मग सिनेमे. १९४२ साली अलेक्झांडर कोर्डाने काढलेल्या चित्रपटात मोगली झाला म्हैसूरचा साबू, एका माहुताचा मुलगा. १९६७चा डिस्नेचा कार्टूनपट सगळ्यात गाजला. वॉल्ट डिस्नेने आपल्या लेखकापुढे पुस्तक ठेवलं आणि पहिलं काम सांगितलं: हे वाचू नकोस. असं त्या लेखकानेच पुढे सांगितलंय, आणि चित्रपट पाहिला की त्याने हुकूम इमानेइतबारे पाळला हे पटतं. पुस्तकातला कायदा शिकवणारा कडक मास्तर बालू तिथे नाचरा, ऐतखाऊ झाला. पुस्तकात मोगलीचा जीव वाचवणारा ‘का’ नावाचा अजगर खलनायक झाला. माकडांना राजा नव्हता (राजा नसणं हाच तर पुस्तकातल्या माकडांचा दोष), तर त्यांना एक ओरांगउटान राजा दिला, जो प्राणी हिंदुस्थानात सापडतच नाही. त्याच सुमारास रशियनांनी आपला मोगली काढला, त्यात बगिरा चक्क बाई. आणि १९९० साली डिस्नेच्याच एका मालिकेत बालू विमान चालवू लागला. तीही दूरदर्शनवर लागायची. त्यात शेरखान सूट-टाय घालून मोठ्या कंपनीच्या खुर्चीवर बसलेला. एकाच दूरदर्शनवर एक बालू मोहाखाली लोळतोय आणि दुसरा मालवाहू विमान उडवतोय, तरी आमचा काही गोंधळ झाला नाही. गावात एकाच नावाची दोन माणसं असतातच की.

पुढे हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने संगणकावर नवा मोगली केला. दरम्यान दप्तरं, कंपास, पाण्याच्या बाटल्या, सारंगखेड्याच्या यात्रेत रबरी मुखवटे. मध्य प्रदेश सरकारने सिवनीजवळच्या पेंचच्या रानात मुलांसाठी मोगली बाल उत्सव भरवला. म्हणजे जो मुलगा तिथे कधी नव्हता, त्याचा सरकारी मुक्काम तिथे पडला. यात नाक मुरडण्यासारखं मला काही वाटत नाही. गोष्ट हातोहात जाते तेव्हा प्रत्येक जण आपल्या घरचं काहीतरी तिच्यात टाकतो. आमच्या मोठ्या मायनेही राम-सीतेला वनवासात कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला होता.

मूळ पुस्तक मी जळगावला कॉलेजात असताना वाचलं. ग्रंथालयातली मळकी इंग्रजी प्रत, शब्दकोश शेजारी. गाणी नाहीत हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते गाव. बराचसा मोगली गावात घडतो. मेसुआ नावाची बाई त्याला वाघाने नेलेला आपलाच मुलगा समजून घरात घेते. त्याला छपराखाली झोप येत नाही, कुंभाराचं गाढव खड्ड्यात पडलं तर तो शेपटी धरून ओढून काढतो, नांगराचा उपयोग त्याला कळत नाही. मग पाटील त्याला गुराखी करतो. रामा नावाच्या दांडग्या रेड्याच्या पाठीवर बसून तो म्हशी चारायला नेतो. हे वाचताना मी सरळ आमच्या वाड्यात पोहोचलो. दुपारच्या उन्हात चिखलात बसलेल्या म्हशी, नाक तेवढं वर, आणि गुराखी पोरं मातीचे बैल करत बसलेली. त्या पुस्तकात ते तसंच आहे, अगदी चिखलापर्यंत. सिवनी न पाहिलेल्या माणसाने म्हशी मात्र नीट पाहिल्या होत्या.

आणि शेरखान मरतो तो म्हशींच्या टापांखाली. जन्मापासून एका पायाने लंगडा वाघ. आईच त्याला लंगडी म्हणायची. शिकार जमत नाही म्हणून तो गुरांवर जगतो. हे निरीक्षण सातपुड्यातल्या कुणाही गुराख्याला पटेल. त्या दिवशी तो डुक्कर खाऊन, वर पाणी पिऊन वैनगंगेच्या एका कोरड्या घळीत सुस्तावलेला. मोगली आणि लांडगे कळपाचे दोन भाग करतात, म्हशी आणि रेडकं एका तोंडाला, रेडे दुसऱ्या. घळ दोन्हीकडून बंद. भरल्या पोटी वाघाला कडा चढता येत नाही. ना आग, ना वणवा, ना उंच झाडावरची झुंज. गुरं खाणाऱ्याला गुरांनीच तुडवला.

पुढचं पान मी तेव्हा दोनदा वाचलं. मोगली कातडं सोलत बसलाय, तेवढ्यात गावचा शिकारी बुलदेव येतो. शेरखानच्या डोक्यावर सरकारने शंभर रुपये लावलेत. कातडं मला दे, बक्षिसातला एखादा रुपया तुला देईन, असं तो पोराला सांगतो.

हे शंभर रुपये मी पाहिलेल्या एकाही सिनेमाने ठेवले नाहीत, आणि माझ्या मते गोष्टीचं मर्म तिथेच आहे. शेरखान दुष्ट आहे म्हणून सरकारने बक्षीस लावलं नव्हतं. उलटं झालं होतं. वाघ म्हणजे उपद्रव, त्याला मारणाऱ्याला पैसे, अशी त्या राज्याची रीत होती, आणि त्या रीतीत वाढलेल्या लेखकाच्या हातून वाघ दुष्ट उतरला. खानदेशाला हे नवं नव्हतं. १८१८ साली हा मुलूख कंपनीकडे गेला. १८२५ साली कंपनीचा अधिकारी जेम्स आउट्रम याने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली, तीच खानदेश भिल कोअर. आउट्रम वाघाचा नामांकित शिकारी. शिकारीच्या निमित्ताने तो भिल्लांत मिसळला, त्यांच्याबरोबर रान तुडवलं, आणि त्याच माणसांना पलटणीत घेतलं. वाघ मारणं आणि मुलूख ताब्यात घेणं ही दोन कामं इथे जोडीने झाली. शाळेत आउट्रम आम्हाला एका ओळीपुरता होता. त्याने मारलेल्या वाघांची ओळ धड्यात नव्हती.

ज्या डोंगरात हे चाललं होतं तिथल्या माणसांचा वाघ वेगळा. भिल्ल आणि पावरा पाड्यांच्या शिवेवर वाघदेव असतो, कुठे कोरलेलं लाकूड, कुठे नुसता शेंदूर लावलेला दगड. त्याला नारळ देतात, कोंबडा देतात, माणसं-गुरं सांभाळ म्हणतात. यात भाबडेपणा नाही. वाघ बकरी नेतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? आमचा सालदार सांगायचा त्या गोष्टींत वाघ गोऱ्हा नेतो, म्हातारी त्याच्या नावाने बोटं मोडते, देवाशी भांडते, आणि दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन जाते. वाघाला राग येतो, भूक लागते, म्हातारपण येतं. पण एका पोरावर डूख धरून वर्षानुवर्षं त्याची वाट पाहणारा वाघ त्याच्या गोष्टीत नव्हता. तो म्हणायचा, एवढा वेळ त्याच्याकडे असता तर उपाशी मेला असता.

म्हणून सगळे अवतार एकापाठोपाठ पाहिले की मला गंमत वाटते. अस्वलाने धंदा बदलला, अजगराने पक्ष बदलला, बिबळ्याने लिंग बदललं, माकडांना परदेशी राजा आला. वाघाला मात्र यातल्या कुणी हात लावला नाही. सूट घातला तरी तो शेरखानच. २०१६च्या चित्रपटात तर लंगडेपणाही गेला. त्याऐवजी मोगलीच्या बापाने आगीने भाजलेलं तोंड आणि त्याचा सूड. म्हणजे गुरं खाण्यामागचं एक खरंखुरं कारण काढून तिथे सिनेमातलं कारण बसवलं. दरम्यान बाहेर सगळं उलटंपालटं झालं होतं. १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ला व्याघ्र प्रकल्प. ज्या सरकारी फायलीत वाघाच्या कातड्याला बक्षीस होतं, त्याच फायलीत आता वाघाने मारलेल्या गाईची भरपाई असते.

तो २०१६चा चित्रपट मी भाच्याबरोबर जळगावात पाहिला. ८ एप्रिलला तो आपल्याकडे लागला, अमेरिकेच्या आठवडाभर आधी. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आत गारेगार एसी. शेरखानला आवाज पुन्हा नाना पाटेकरांचा, बालूला इरफान खानचा, बगिराला ओम पुरींचा. चित्रपट देखणा आहे, त्याला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं ते योग्यच. जगभरात ९६ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. त्यात खराखुरा जवळपास एकटा तो मुलगा. झाड, पान, पाणी, प्राणी सगळं संगणकावरचं, आणि चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. गाव म्हणजे रात्री लांबून दिसणारा जाळ, बस. मेसुआ नाही, गावच्या म्हशी नाहीत.

भाच्याने मध्यंतरात विचारलं, “मामा, हे जंगल कुठलं?” म्हटलं, आपल्याच डोंगराचं, जरा पूर्वेला. त्याने समोशाचा घास थांबवून माझ्याकडे पाहिलं. “आपल्याकडे एप्रिलमध्ये इतकं हिरवं कुठे असतं?”

पोरगं बरोबर होतं. सिवनी काय किंवा आमचा सातपुडा काय, पानगळीचं सागवानी रान. एप्रिलमध्ये साग खराट्यासारखा उभा, खाली पानांचा असा चुरा की ससा चालला तरी कळावं. पुस्तकात ते रान आहे. दुष्काळाच्या गोष्टीत किपलिंग सांगतो की त्या वर्षी बालूचा आवडता मोह फुललाच नाही. एवढ्या एका वाक्यात सातपुड्यातल्या माणसाला सगळा उन्हाळा कळतो; मोह फुलला नाही म्हणजे घरात काय काय येणार नाही याचा हिशेब त्याच्या तोंडावर असतो. पडद्यावर वेली लोंबणारं ओलंगच्च रान आहे, जे जगातल्या कुणालाही जंगल म्हणून पटकन ओळखू येतं. जगभर विकायचं तर असंच करावं लागत असेल. जपानी मालिका मला आजही जवळची वाटते ती यामुळेच: तिच्याकडे ५२ भागांचा निवांतपणा होता, आणि तिच्यात निदान गाव तरी होतं.

आता वाघही गोष्टींपुरता उरलेला नाही. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा, चारठाणा, वढोद्याच्या बाजूला तो आहे. मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र त्याच्यासाठीच. आणि तो राहतो कुठे, तर बऱ्याचदा केळीत. उन्हाळ्यात बाहेर पारा ४५च्या पुढे गेलेला असताना ठिबकच्या पाण्यावर वाढलेल्या केळीच्या बागेत गारवा असतो, आडोसा असतो, रानडुकरं असतात. कुठल्याही चित्रकाराने शेरखान केळीच्या बागेत काढलेला नाही.

माझ्या आतेभावाची बाग त्याच पट्ट्यात. एका उन्हाळ्यात त्याची कालवड गेली. अशा वेळी काय करायचं हे तिथल्या पोराटोरांनाही पाठ असतं: मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, वनरक्षक येणार, पशुवैद्यकीय डॉक्टर येणार, मानेवरचे दात मोजणार, फोटो, पंच, सह्या. मी गेलो तेव्हा पंचनामा आटोपला होता आणि तो बांधावर बसून मजुरांना घड कापायचं सांगत होता. वाघाबद्दल एक शिवी नाही. पाणी भरायला रात्री एकट्याने जायचं नाही, आणि बागेत शिरताना मोबाइलवर मोठ्याने गाणं लावायचं, एवढा त्याने फरक केला होता.

बोलता बोलता मोगली निघाला. त्यानेही लहानपणी तो बघितला होता, मुंग्यांसकट. मी त्याला पुस्तकातला शेवट सांगितला: घळ, दोन्हीकडून म्हशी, तुडवलेला वाघ, सोललेलं कातडं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग त्या पोऱ्यावर केस झाली असन.”

म्हटलं, तेव्हा नव्हता असा कायदा, उलट शंभर रुपये मिळायचे. आणि मग मला ती पहिली गोष्ट आठवली. ‘जंगल बुक’च्याही आधी, १८९३ साली, किपलिंगने मोगलीवर एक गोष्ट लिहिली होती. तिच्यात मोगली मोठा झालेला आहे, आणि जंगल खात्याचा साहेब त्याला वनरक्षकाची नोकरी देतो, पगारासकट आणि पेन्शनसकट. मोगलीचा सगळ्यात पहिला छापील अवतार म्हणजे सरकारी नोकर. आमच्याकडे यापेक्षा सुखान्त दुसरा नसतो, आणि जगात कुणी त्यावर सिनेमा काढला नाही, याचं मला नवल वाटतं. मी ते कौतुकाने आतेभावाला सांगितलं: अरे, शेवटी तो वनखात्यात लागला. कायम.

त्याने हातातला विळा मातीत रोवला.

“वाघ मारून वनखात्यात? मंग पोलीस व्हेरिफिकेशनमधून सुटला कसा?”